लर्निंगवर बुलेट चालवली तर चालते का?

भाचीला अठरा पूर्ण झाली आणि आठ दिवसांत तिने लर्निंग लायसन काढलं. घरी बसून, आधार नंबर टाकून, ऑनलाइन परीक्षा देऊन. कागदाची प्रिंट घेऊन ती पार्किंगमध्ये आली, माझ्या बुलेटच्या टाकीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मामा, हिच्यावर शिकले तर चालेल ना? की लर्निंगला शंभर सीसीपर्यंतच परवानगी असते?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या काकांनी निकाल देऊन टाकला. "शंभरपर्यंतच. पक्कं लायसन हातात आलं की मग मोठी गाडी." काका इतक्या ठामपणे बोलले की क्षणभर मलाही वाटलं, असेल बुवा तसा नियम.

तसा नियम नाही. तिच्या कागदावर 'एमसीडब्ल्यूजी' असं छापलं होतं, म्हणजे गिअरवाली मोटरसायकल. तेवढ्यावर तिला स्प्लेंडर चालवता येते, बुलेट चालवता येते, आणि कुणी किल्ली दिलीच तर १,३४० सीसीची सुझुकी हायाबुसासुद्धा. आपला कायदा दुचाकी शिकणाऱ्याला दोनच गोष्टी विचारतो: वय किती, आणि गाडीला गिअर आहे का. इंजिन केवढं, ताकद किती, वजन किती, हे तो अठरा वर्षांवरच्या माणसाला विचारत नाही. युरोपात, जपानमध्ये, ऑस्ट्रेलियात सगळा भर नेमका त्यावरच असतो. तिकडे नंतर जाऊ. आधी आपलं घर.

कागदावरची अक्षरं

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याच्या कलम १० मध्ये लायसनचे वर्ग दिलेत, आणि त्यात 'स्कूटर' नावाचा वर्ग शोधून सापडणार नाही. कायद्याच्या लेखी लुना, अ‍ॅक्टिव्हा, पल्सर, बुलेट या सगळ्या मोटरसायकलीच. दोन चाकं आणि इंजिन असलं की झाली मोटरसायकल. बाजूला साइडकार जोडून तिसरं चाक आलं तरी ती मोटरसायकलच राहते. मग या मोटरसायकलींचे दोन भाग केलेत: गिअरवाल्या आणि बिनगिअरच्या. आरटीओच्या भाषेत 'विथ गिअर' आणि 'विदाऊट गिअर'.

बिनगिअरचं लर्निंग काढलं असेल तर गिअरची गाडी चालवता येत नाही, मग ती शंभर सीसीची का असेना. उलट गिअरचं लायसन असलेल्याला बिनगिअरची स्कूटर चालते. म्हणून अर्ज भरताना दोन मिनिटं विचार करा. "मला काय, स्कूटीच चालवायचीय" म्हणून बिनगिअरवर टिक करणारे पुढे नोकरीला लागले की भावाची बाइक घ्यायला परत आरटीओच्या रांगेत दिसतात.

इथे एक गंमत आहे. लोक गिअर म्हणताना मनात पायाने टाकायचा गिअर धरतात. जुनी बजाज चेतक आठवते? डाव्या मुठीत क्लच दाबून मूठच फिरवायची, की गिअर पडायचा. बजाजची एम-८० पण तशीच, हाताच्या गिअरची. दिसायला स्कूटर, पण वर्ग गिअरवाला. आजोबांची चेतक गोठ्यातून काढून, पुसून-बिसून एखादा नातू बिनगिअरच्या लायसनवर फिरवत असेल तर ती चूकच. काही गाड्यांना क्लच नसतो पण पायाशी गिअर असतो, त्याही गिअरवाल्याच. कायदा गिअर बघतो, क्लच नाही.

दुसरा गैरसमज चारचाकीचा. "कारचं लर्निंग काढलंय, त्यात दुचाकी येतेच." येत नाही. हलक्या मोटार वाहनाचा वर्ग वेगळा, मोटरसायकलचा वेगळा. एकाच अर्जात दोन्ही मागता येतात, पण मागावे लागतात.

लर्निंग सहा महिने चालतं आणि देशभर चालतं. कोल्हापुरात काढलेलं नागपुरात चालत नाही असं काही नाही. पक्क्या लायसनची टेस्ट मात्र लर्निंग मिळाल्यावर निदान ३० दिवस झाल्याशिवाय देता येत नाही. टेस्टला जो वर्ग हवा त्याच वर्गाची गाडी न्यायची. गिअरचं लायसन हवं आणि टेस्टला मैत्रिणीची स्कूटर, असं जमत नाही.

सोळा ते अठरा: ५० सीसीचं कोडं

लायसन देताना सीसीचा आकडा एकदाच महत्त्वाचा ठरतो, तो इथे. कलम ४ म्हणतं की सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवायला अठरा वर्षं पूर्ण हवीत. त्याला एक अपवाद आहे: ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची मोटरसायकल सोळाव्या वर्षी चालवता येते. अठराच्या आतल्या मुलाला बिनगिअरचं लर्निंग देताना पालकांची लेखी संमती लागते, ते कलम ७ मध्ये आहे.

१९८८ साली हा अपवाद अगदी व्यवहाराला धरून होता. १९७२ मध्ये कायनेटिकने लुना आणली. सुमारे ५० सीसी, पेडल मारून सुरू करायची, चढावर पुन्हा पेडल मारून मदत करायची. त्यानंतर १९८० मध्ये टीव्हीएस-५० आली. कॉलेजला जाणारी पोरं, दूधवाले, पोस्टमन, शिक्षिका, सगळे त्यावर. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ती गाडी होती.

पण गाड्या वाढत गेल्या आणि आकडा तिथेच राहिला. आज शोरूममध्ये जाऊन ५० सीसीची नवी पेट्रोल गाडी मागा, सेल्समन तुमच्याकडे बघत राहील. अ‍ॅक्टिव्हा ११० सीसीच्या घरात, आणि मोपेडच्या घराण्यातली म्हणावी अशी टीव्हीएस एक्सएलसुद्धा आता जवळजवळ १०० सीसीची. म्हणजे सोळाव्या वर्षी लायसन मिळतं, पण त्यावर चालवायला गाडी मिळत नाही. आणि होतं काय, तर सोळा वर्षांच्या मुलाकडे ५० सीसीचं लायसन असतं, आणि तो आईची अ‍ॅक्टिव्हा घेऊन क्लासला जातो. आईवडिलांना वाटतं, लायसन आहे ना. पण त्या गाडीसाठी ते लायसन नाहीच. कायद्याच्या नजरेत तो विनालायसन चालवतोय.

याची किंमत २०१९ च्या दुरुस्तीनंतर फार मोठी झाली. कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन नाही, ना लर्निंग ना पक्कं. "मला माहीतच नव्हतं" हे सिद्ध करायची जबाबदारी पालकांवर. याच कलमात एक सुटका ठेवली आहे: मुलाकडे लर्निंग किंवा पक्कं लायसन असेल आणि त्या लायसनवर चालते तीच गाडी तो चालवत असेल, तर पालकांवर हे येत नाही. 'तीच गाडी' हे शब्द नीट वाचा. आईची अ‍ॅक्टिव्हा त्यात बसत नाही.

आता बॅटरीच्या गाड्या. दुकानात पाटी असते, 'लायसन नको, पासिंग नको'. ती पाटी कधी खरी असते? केंद्रीय मोटार वाहन नियमांत चार मुख्य अटी आहेत. गाडी दोन चाकी असावी. मोटरची 'तीस मिनिटांची शक्ती' ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी असावी. सर्वाधिक वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असावा. आणि बॅटरी काढून गाडीचं वजन ६० किलोपेक्षा जास्त नसावं. चारही अटी पाळल्या तर ती गाडी 'मोटार वाहन' धरतच नाहीत. लायसनचा प्रश्न मिटला. तीस मिनिटांची शक्ती म्हणजे मोटर सलग अर्धा तास जेवढा जोर देऊ शकते तेवढा. क्षणभराच्या उसळीचा आकडा त्याहून मोठा असतो. मेकॅनिककडे जाऊन 'लॉक' काढून गाडी ४५ ला पळवली, की अट मोडली आणि ती मोटरसायकल झाली, नंबर प्लेट नसलेली. सोळा वर्षांच्या मुलाला बॅटरीची गाडी द्यायचीच असेल तर या चार अटींतली द्या, कारण कलम ४ मधली सवलत सीसीत मोजलेली आहे, आणि बॅटरीला सीसी नसतो.

(जाता जाता: चारपेक्षा कमी चाकांची आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाची गाडीही कायद्याने 'मोटार वाहन' नाही. सायकलला छोटं इंजिन बसवणाऱ्या हौशी लोकांची सोय. असे लोक अजून आहेत.)

गाडी कोणतीही, पण अटींसह

भाचीला बुलेट चालते हे कळल्यावर तिने किल्लीसाठी हात पुढे केला. थांब म्हटलं. लर्निंग हा अर्धा परवाना असतो. उरलेला अर्धा केंद्रीय नियमांतल्या नियम ३ मध्ये आहे.

पहिली अट 'एल'. पांढऱ्यावर लाल, गाडीच्या पुढे आणि मागे, दोन्हीकडे. पाटी किमान १८ सेंटिमीटरची चौरस. अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच, २ सेंटिमीटर जाड, आणि खालचा पाय ९ सेंटिमीटर लांब. बाजारात मिळणारे नंबर प्लेटच्या कोपऱ्यातले तळहाताएवढे स्टिकर या मापात बसत नाहीत. चौकातला हवालदार पट्टी घेऊन मोजणार नाही हे मलाही माहीत आहे. पण अपघात झाला की प्रत्येक गोष्ट मोजली जाते.

दुसरी अट शिकवणाऱ्याची. शिकणाऱ्याबरोबर पक्कं लायसन असलेला माणूस हवा, आणि तो गाडी आवरू किंवा थांबवू शकेल अशा जागी बसलेला हवा. चारचाकीत हे समजतं, हँडब्रेक मध्ये असतो. मोटरसायकलवर मागे बसलेल्याच्या हाताला ना ब्रेक लागतो ना क्लच; फार तर तो घाबरून शिकणाऱ्याचे खांदे दाबेल, आणि तोल आणखी जाईल. ही अट लिहिताना कुणी मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसून पाहिलं असेल असं वाटत नाही. तरीही अट अट आहे.

तिसरी अट त्यातूनच येते: डबल सीट नाही. मागच्या सीटवर बसायचा हक्क फक्त शिकवणाऱ्याचा. मैत्रिणीला घेऊन टपरीवर चहाला जाणं लर्निंगमध्ये बसत नाही, मग गाडी स्कूटर असो की बुलेट. हेल्मेट दोघांनाही, हे वेगळं सांगायला नको.

लोक विचारतात, हे पाळलं नाही तर काय, पावती फाडतील, बस. पावतीची भीती मी घालत नाही. तुमच्या गाडीच्या विम्याचा कागद काढा आणि त्यात 'ड्रायव्हर्स क्लॉज' शोधा. बारीक अक्षरांत तिथे असं म्हटलेलं असतं की लर्निंगवाला गाडी चालवू शकतो, पण त्याने नियम ३ च्या अटी पाळलेल्या असाव्यात. म्हणजे 'एल' नसणं आणि एकट्याने चालवणं हे थेट विम्याच्या कराराशी बांधलेलं आहे. लर्निंग हेही वैध लायसनच, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्ण सिंह खटल्यात स्पष्ट केलं आहे. त्यामुळे 'चालवणारा शिकाऊ होता' एवढंच कारण सांगून विमा कंपनी तिसऱ्या माणसाच्या भरपाईतून अंग काढून घेऊ शकत नाही. पण तुमच्या स्वतःच्या गाडीची मोडतोड भरून मागताना कंपनी त्या बारीक अक्षरांवर बोट ठेवणार.

आणि लायसनच नसेल, किंवा चुकीच्या वर्गाचं असेल, तर कलम १८१ खाली ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडी ज्याने दिली त्याच्यावर कलम १८० खाली तेवढंच. किल्ली देणाऱ्या मामालाही लागू, हे मी भाचीला मुद्दाम ऐकवलं.

सीसी म्हणजे ताकद?

आता काकांच्या शंभर सीसीकडे येऊ. नियम त्यांनी मनाने बनवला, पण त्यामागची भावना खोटी नाही. नवशिक्याच्या हाती पहिल्याच दिवशी काहीही देऊ नये, हे जगभर मान्य आहे. भांडण फक्त इतकंच, की 'काहीही' मोजायचं कशाने.

सीसी म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन खालीवर होताना जेवढी जागा व्यापतो ती, घन सेंटिमीटरमध्ये. इंजिनाचं पोट केवढं, एवढंच ते सांगतं. त्या पोटातून जोर किती निघेल ते इंजिन कसं बनवलंय यावर. आपल्याकडच्या जुन्या लोकांना हे कुणी शिकवायला नको. ऐंशीच्या दशकात रस्त्यावर दोन '३५०' होत्या. बुलेट, ३४६ सीसी, सुमारे १८ अश्वशक्ती. आणि राजदूत ३५०, यामाहाच्या आरडीचा भारतीय अवतार, ३४७ सीसी, आणि पहिल्या मॉडेलला साडेतीस अश्वशक्ती. फरक एका सीसीचा, ताकद जवळजवळ पावणेदोन पट. एक फोर-स्ट्रोक, संथ, एका सिलिंडरची. दुसरी टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरांची, मूठ पिळली की अंगावर येणारी. सीसी पाहून 'दोन्ही सारख्याच' म्हणणाऱ्या नवशिक्याचं राजदूतवर काय व्हायचं ते त्या काळातल्या गॅरेजवाल्यांना विचारा.

ब्रिटनने हा धडा महागात घेतला. १९६१ मध्ये तिथे शिकाऊ लोकांवर २५० सीसीची मर्यादा आली. त्याआधी मर्यादाच नव्हती. साठच्या दशकात २५० सीसी म्हणजे बरीचशी गरीब गाडी, म्हणून आकडा ठीक होता. पण कारखान्यांना आकडा सांगितला की ते त्याच्या काठापर्यंत जातात. जपानी कंपन्यांनी त्याच २५० मध्ये टू-स्ट्रोक तंत्राने इतकी ताकद भरली की १९७८ च्या सुमारास आलेली सुझुकीची एक्स-७ ताशी १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर गाठायची. सतरा वर्षांचं पोर, शिकाऊ परवाना, 'एल'ची पाटी, आणि ताशी १६० किलोमीटर. सगळं कायदेशीर. १९८३ मध्ये मर्यादा १२५ वर आणली, आणि या वेळी नुसत्या सीसीवर न थांबता ताकदीलाही टोपण घातलं.

आजचे युरोपचे नियम त्याच वाटेने पुढे गेलेत. २०१३ पासून पायऱ्या आहेत. 'ए-१' मध्ये १२५ सीसीपर्यंत आणि ११ किलोवॅटपर्यंत, शिवाय दर किलो वजनामागे ०.१ किलोवॅटपेक्षा जास्त नाही. 'ए-२' मध्ये सीसी विचारतच नाहीत. ३५ किलोवॅट आणि किलोमागे ०.२ एवढंच. मग शेवटची, मोकळी 'ए'. लोक पळवाटा काढणार हेही धरलंय: मोठी गाडी आणून तिचा गळा आवळून ३५ किलोवॅटवर बसवता येते, पण मूळ गाडीची ताकद त्या आवळलेल्या ताकदीच्या दुपटीहून जास्त नको, असंही लिहून ठेवलंय. बॅटरीच्या गाड्यांनी मात्र तिथेही भगदाड शोधलं. त्यांची शक्ती सलग द्यायच्या जोरावर मोजतात, उसळीवर नाही. त्यामुळे बीएमडब्ल्यूची एक मोठी बॅटरीची स्कूटर ११ किलोवॅटच्या वर्गात बसवून विकली गेली, जिची उसळी ३५ किलोवॅटची होती. नियम आणि कारखाना यांची पळापळी संपत नसते.

जपानची गोष्ट आपल्या ५० सीसीच्या कोड्याशी जुळते. तिथेही सोळाव्या वर्षी ५० सीसीची छोटी गाडी चालवायचा जुना वर्ग होता. धुराचे नियम कडक झाले आणि एवढंसं इंजिन त्यात बसवणं परवडेनासं झालं. मग एप्रिल २०२५ पासून त्यांनी तोच वर्ग १२५ सीसीपर्यंत वाढवला, पण ताकद ४ किलोवॅटच्या वर नको अशा अटीवर. इंजिन मोठं, ताकद जुन्या मोपेडएवढीच. पोट वाढू दिलं, जोर नाही. आपलं कलम ४ अजून १९८८ च्या ५० सीसीतच आहे, आणि आपल्याकडेही उत्तर याच दिशेला आहे असं माझं मत. सिंगापूरने वेगळा मार्ग धरला; तिथे अजून सीसीच मोजतात, २०० पर्यंत, मग ४०० पर्यंत, मग त्यावर, आणि प्रत्येक पायरीवर किमान वर्षभर थांबायचं.

मला सगळ्यांत पटणारं गणित ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचं. ते ताकदीला वजनाने भागतात, आणि वजनात चालवणाऱ्याचे ९० किलो धरतात. गाडी अधिक माणूस मिळून एका टनामागे १५० किलोवॅटपेक्षा जास्त नको, आणि इंजिन ६६० सीसीच्या आत. हलक्या गाडीला थोडी ताकद पुरते, जड गाडीला जास्त लागते, ही साधी गोष्ट त्यात येते. वर एक यादीही असते, आणि गणितात बसूनही अंगावर येणाऱ्या काही जुन्या टू-स्ट्रोक २५०, उदाहरणार्थ सुझुकीची आरजीव्ही किंवा होंडाची एनएसआर, नाव घेऊन बाहेर ठेवलेल्या असतात.

हे गणित आपल्या गाड्यांवर करून पाहिलं, पाकिटाच्या मागे, कंपन्यांच्या आकड्यांवरून. स्प्लेंडर: ५.९ किलोवॅट, गाडी ११२ किलो, माणसासकट २०२. टनामागे साधारण २९. माझी गाडी, जी खरं तर क्लासिक ३५० आहे पण आपल्याकडे रॉयल एनफिल्डची कुठलीही गाडी बुलेटच: १४.९ किलोवॅट, १९५ किलो, माणसासकट २८५. उत्तर ५२. केटीएम ड्यूक २००, सीसीत माझ्याहून दीडशेने लहान: सुमारे १८.४ किलोवॅट, १५९ किलो. उत्तर ७४. काकांच्या हिशोबाने २०० ही ३५० पेक्षा 'लहान' गाडी. रस्त्यावर ती जवळजवळ दीडपट चपळ. रॉयल एनफिल्डचीच ६५० सीसीची इंटरसेप्टर ११५ ते १२० च्या आसपास येते, आणि ती ऑस्ट्रेलियात खरोखरच शिकाऊ लोकांना चालणाऱ्या यादीत आहे. हायाबुसा: १४० किलोवॅट, सुमारे २६५ किलो. उत्तर ३९५ च्या जवळ. तिकडे तिच्यापर्यंत पोचायला वर्षं लागतात. इकडे भाचीच्या आजच्या कागदावर ती बसते.

मग बुलेट का नाही दिली

५२ हा आकडा बघून भाची खूश झाली. "म्हणजे ऑस्ट्रेलियातसुद्धा चालली असती!" चालली असती. तरी मी नाही म्हटलं, आणि त्याला कारण त्या गणितात न येणारं. १९५ किलोची गाडी पळताना जड लागत नाही. ती जड लागते पार्किंगमधून मागे ढकलताना, वळणावर जागच्या जागी थांबताना, आणि आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढताना. आठात वेग नसतो. असतो फक्त क्लच, तोल आणि मान कुठे वळवली ते. त्या वेगात गाडी एकदा पंधरा-वीस अंश कलली की पन्नास किलोची मुलगी तिला सावरू शकत नाही. सावरायला गेली तर गाडीखाली पाय. ११२ किलोची स्प्लेंडर ती सावरू शकते, आणि पडलीच तर एकटी उचलू शकते.

वजनाच्या विरुद्ध बाजूनेही एक गोष्ट आहे, ती न्यायाने सांगायला हवी. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. त्याखालच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी साधी व्यवस्था पुरते. नवशिक्या घाबरला की पुढचा ब्रेक करकचून दाबतो, आणि ओल्या रस्त्यावर चाक जाम होऊन गाडी घसरते. एबीएस ते होऊ देत नाही. म्हणजे सुरक्षेचं एक यंत्र नेमकं लहान गाडीवर नसतं. १५० ते १६० सीसीच्या, सव्वाशे-दीडशे किलोच्या एबीएसवाल्या गाड्या या दोन्हींच्या मध्ये बसतात. स्वतःची पहिली गाडी घ्यायची असेल तर मी तिथे बघेन.

आमच्याकडे प्रश्न नवी गाडी घ्यायचा नव्हता, महिनाभर शिकायचा होता. स्प्लेंडर निघाली ती काकांकडेच. शंभर सीसीचा नियम त्यांनी कुठून आणला ते तेव्हा लक्षात आलं. त्यांच्याकडे तीच गाडी होती, पंचवीस वर्षं. किल्ली त्यांनी आनंदाने दिली, वर "बघ, म्हटलं नव्हतं?" हेही ऐकवलं.

'एल' घरीच केला. लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यावर पांढरा कागद, लाल इलेक्ट्रिकल टेप. कंपासपेटीतली पट्टी १५ सेंटिमीटरची निघाली आणि चौरस हवा होता १८ चा, त्यामुळे दोनदा मोजून पेन्सिलीची खूण करावी लागली. टेप पावणेदोन सेंटिमीटर रुंद, अक्षराची जाडी हवी दोन. भाचीने ती शेजारी-शेजारी थोडी चढवून चिकटवली, मागे सरकून डोळा बारीक करून पाहिलं, आणि दुसरा पुठ्ठा कापायला घेतला.